पोटाचा पट्टा : पाचपैकी तीन, बॉक्सवरच्या ओळीला शून्य

बेंबीच्या हर्नियाचं माझं ऑपरेशन दोनदा झालं, म्हणून पट्टेही दोन झाले. पहिला जानेवारी २०२१ मधला, साडेतीनशे रुपयांचा, दवाखान्यानंच बिलात लावून दिलेला. दुसरा नोव्हेंबर २०२३ मधला, सहाशे नव्वदचा, एसटी स्टँडजवळच्या सर्जिकलच्या दुकानातून मी स्वतः घालून बघून आणलेला. कराडात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. दिवसाला साडेतीनशे-चारशे पोळ्या, दोन भाज्या, शनिवारी पिठलं-भाकरी. म्हणजे पट्टा बांधून खुर्चीत बसणारी बाई मी नव्हे. त्याची परीक्षा वाफेत, घामात, दिवसातून शंभरदा वाकून-उठून झालेली आहे.

आधी वस्तूबद्दल, कारण बरेचजण तेवढ्यासाठीच वाचायला येतात.

दुसरा पट्टा नऊ इंच रुंद आहे. इलॅस्टिकच्या तीन पट्ट्या एकाखाली एक शिवलेल्या, पाठीला दोन लवचिक काड्या, पुढे वेल्क्रो. पहिल्याला काड्याच नव्हत्या, त्यामुळे मी खाली बसले की तो गुंडाळी होऊन कमरेत दोरीसारखा रुतायचा. काड्यांचा पट्टाच घ्या, शे-दीडशे जास्त गेले तरी चालतील. माप घेताना दुकानदार कमरेचं विचारतो आणि आपण परकराच्या नाडीचं सांगतो, तिथंच गाडी चुकते. टेप बेंबीवरून फिरवायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. माझी नाडी छत्तीसला बसते आणि बेंबीवरचं माप निघालं एकेचाळीस. दोन मापं मोठं!

साडीवाल्यांसाठी वेगळं सांगते, कारण बॉक्सवरच्या चित्रात नेहमी पँटवाला पुरुष असतो. पट्टा परकराच्या आत, पातळ सुती बंडीवर बांधा. वर बांधला तर वेल्क्रो पदराला धरतं. माझ्या दोन साड्यांचे धागे निघाले. उघड्या अंगावर तर नकोच. मे महिन्यात पहिला पट्टा मी तसा बांधला होता आणि पोटावर पट्ट्याच्या मापाचं घामोळं उठलं. धुवायचा कोमट पाण्यात, हातानं, पिळायचा नाही. वेल्क्रोत कणकेचे कण आणि दोरे अडकून पकड जाते, ते जुन्या टूथब्रशनं काढायचे. चौदा महिने झाले, माझ्या दुसऱ्या पट्ट्याचं वेल्क्रो अजून धरतंय. एकूण पाचपैकी तीन तारे. एक कापला उकाड्याबद्दल.

दुसरा कापला बॉक्सवरच्या ओळीबद्दल. 'हर्निया पुन्हा होण्यापासून संरक्षण', असं दोन्ही पट्ट्यांच्या बॉक्सवर ठळक लाल अक्षरात छापलंय. या एका ओळीपायी मी दीड वर्ष स्वतःला दोष देत काढलं.

झालं असं. २०२० च्या पावसाळ्यात माझी बेंबी सुपारीएवढी वर आली. झोपलं की आत, उठलं की बाहेर. सासूबाई म्हणाल्या, बेंबी सरकली असेल, चोळून घे. शेजारच्या मावशींनी रुपया ठेवून फडकं बांधायला सांगितलं, त्यांच्या नातवाचं तसंच बरं झालं होतं म्हणे. (तान्ह्या बाळाची बेंबी बहुधा चार-पाच वर्षांची होईपर्यंत आपोआप मिटते, रुपया बांधा नाहीतर न बांधा. मोठ्या माणसाची मिटत नाही. हे मला पुढं कळलं, तोवर दोन महिने रुपया बांधून झाला होता.) मग एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. पोटाच्या भिंतीतलं भोक, ज्यातून आतलं बाहेर येत होतं, ते रुपयाच्या नाण्याएवढंच होतं, दोन सेंटिमीटरच्या आसपास. टाके घालून ते बंद केलं, तिसऱ्या दिवशी घरी. आठव्या दिवशी जखमेत पू झाला, पंधरा दिवस रोज ड्रेसिंग. ते सुकतंय न सुकतंय तोच मी कट्ट्यावर उभी, कारण बंद केंद्राचं भाडं कुणी माफ करत नाही.

चौदा महिन्यांनी, लग्नसराईत, मिरचीच्या फोडणीचा ठसका लागला आणि पोटात काहीतरी निसटल्यासारखं झालं. हात लावला तर तीच सुपारी. आता लिंबाएवढी.

घरात निकाल लगेच लागला. "तू पिठाचा डबा उचललास." "तू पट्टा नीट घातला नाहीस." आमच्या ह्यांनी तर कोपऱ्यातला बॉक्स आणून ती लाल ओळच वाचून दाखवली. मलाही पटलं. उन्हाळ्यात काढून ठेवला होता ना मी पट्टा! मग तोच घट्ट आवळून आणखी वर्ष-दीड वर्ष ढकललं, वर आलेलं बोटानं आत दाबायचं आणि वरून पट्टा. असं करू नका. पट्टा आजाराला झाकतो आणि आतडं अडकलं तर ते कळायला उशीर होतो. गाठ कडक झाली, आत जाईना, लाल पडली, जोडीला उलट्या आणि कळा सुरू झाल्या, की पट्टा फेकून त्याच रात्री दवाखाना गाठायचा. सकाळची वाट बघायची नाही.

माझी लेक नर्सिंगला आहे. तिनं मला दुसऱ्या सर्जनकडे नेलं. डॉक्टरबाई आहेत, चाळिशीच्या आतल्या. त्यांनी गाठीला हात लावण्याआधी जुनं डिस्चार्ज कार्ड मागितलं. त्यावर 'अ‍ॅनाटॉमिकल रिपेअर' असं लिहिलं होतं. अडीच वर्षं ते कार्ड माझ्या कपाटात होतं आणि मला वाटत होतं ते ऑपरेशनचं नुसतं भारदस्त नाव आहे. बाई म्हणाल्या, "ताई, म्हणजे जाळी टाकलेली नाही. नुसत्या कडा ओढून शिवल्यात."

मी म्हटलं, "मग डब्याचं काय? मी पंधरा किलोचा डबा उचलला होता."

त्या हसल्या. एका डब्यानं हर्निया परत आला असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, म्हणाल्या. सुरुवातीचे काही आठवडे जड उचलू नये हे खरं, पण डबा ही शेवटची काडी. आधीचा भारा बघू या. आणि मग अर्धा तास एकेक काडी काढून दाखवली. इतका वेळ डॉक्टरनं माझ्याशी बोलायची ही पहिलीच खेप.

पहिली आणि सगळ्यात मोठी, जाळी नसणं. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. जुन्या लुगड्याला भोक पडलं आणि त्याच्या कडा ओढून टाके घातले, तर टाका तुटत नाही, टाक्याशेजारचं कापड फाटतं. म्हणून आपण ठिगळ लावतो, आणि तेही भोकाएवढं नाही, चहूकडून तीन-चार बोटं जास्त. पोटाचंही तसंच. खोकलं, शिंकलं, कुंथलं की आतून दाब येतो आणि ओढून शिवलेल्या कडा पुन्हा सुटायला बघतात. जाळी सर्व बाजूंनी निदान तीन सेंटिमीटर पुढं जाईल अशी ठेवतात, तिच्या छिद्रांतून आपलं मांस वाढतं आणि ती भिंतीचाच भाग होते. लेकीनं घरी येऊन मला २०१८ सालचा अभ्यास वाचून दाखवला. नेदरलँड्स, जर्मनी आणि इटलीतल्या दवाखान्यांत ३०० माणसांवर केलेला, भोक एक ते चार सेंटिमीटरचं, म्हणजे थेट माझ्या मापाचं. सुमारे अडीच वर्षांपर्यंत पाहिलं तेव्हा नुसत्या टाक्यांत शंभरातल्या १२ जणांचा हर्निया परत आला होता, जाळीत ४ जणांचा. तीन पटींचा फरक. आता एक सेंटिमीटरपासून पुढं जाळीच घालावी असं युरोप-अमेरिकेतल्या हर्नियाच्या संघटनांचंही म्हणणं आहे. मला पहिल्या वेळी कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर खर्चाला घाबरून मी कदाचित नकोच म्हटलं असतं, हेही खरं. पण विचारायला हवं होतं.

दुसरी काडी माझ्या दोन बाळंतपणांची. बाईंनी मला टेबलावर आडवं केलं आणि नुसतं डोकं उचलायला सांगितलं. पोटाच्या मधोमध, छातीपासून बेंबीच्या खालपर्यंत, उलट्या होडीच्या कण्यासारखी धार उभी राहिली. पोटाचे दोन उभे स्नायू मधून फाकलेत, आणि त्यांच्यामधला पडदा ताणून पातळ झालाय. हर्निया त्या पातळ जागेत होता. पहिल्या वेळी शिवलं ते भोक, आणि शिवलं कशाला, तर त्याच विरलेल्या कापडाला. ही धार मी रोज अंथरुणातून उठताना बघत होते, मला ती चरबी वाटायची.

पू झाला होता ही तिसरी. जखमेत जंतू गेले की शिवण नीट भरत नाही, आणि परत येणाऱ्यांत असे पू झालेले पुष्कळ असतात. पू का झाला, तर चौथी काडी, साखर. पहिल्या ऑपरेशनच्या वेळी सकाळची उपाशीपोटी शुगर बघितली होती, ती बरी आली होती. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी आता केली, तर ८.४ निघाली. मला मधुमेह आहे हे मला हर्नियामुळं कळलं.

वजन ७८ किलो, उंची पाच फुटांना एखादा सेंटिमीटर कमी. त्यावर मी काही बोलत नाही, आकडे बोलतात. बद्धकोष्ठता, हो. खोकला, हो, फोडणीचा आणि कांडपाचा, वर्षानुवर्षांचा.

आणि मग त्यांनी विचारलं, "तंबाखू?" मी म्हटलं, "छे, कधी नाही." लेक माझ्याकडे बघत होती. "मिश्री लावते आई," ती म्हणाली.

आमच्याकडे मिश्रीला कुणी तंबाखू म्हणत नाही. ती दात घासायची वस्तू. आईनं दिली, आईला आजीनं. सकाळी एकदा, दुपारी कट्टा आवरला की एकदा, आणि रात्री ऑर्डर मोठी असली की तिसऱ्यांदा. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचीच ती पूड आहे हे मला माहीत होतं, पण कळलं नव्हतं. बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की हर्निया परत येण्याचे अभ्यास बहुतेक सिगारेट ओढणाऱ्यांचे आहेत, मिश्रीवाल्या बायकांचे नव्हेत. पण निकोटिन तेच. ते बारीक रक्तवाहिन्या आवळतं, जखमेला रक्त कमी पोचतं. सिगारेटवाल्याला आम्ही निदान चार ते सहा आठवडे आधी बंद करायला लावतो, तुम्हालाही तेच. आणि ऑपरेशननंतर पुन्हा सुरू करायची नाही.

त्यांनी तारीख दिली नाही. म्हणाल्या, तुमचा हर्निया अडकलेला नाही, घाई नाही. आठ आठवड्यांनी या, तेव्हा ठरवू. मला राग आला होता. इतर ठिकाणी उद्या या म्हणतात. पण बाहेर बाकावर बसले तर दिसलं, थांबवलेली मी एकटी नव्हे. एका काकांचं लिव्हर खराब होऊन पोटात पाणी झालं होतं, त्यांचं आधी पाणी आटोक्यात आणायचं चाललं होतं, नाहीतर आतला दाब कुठलीही शिवण उसवणार. एका सुनेला विचारलं होतं, अजून मूल हवंय का. हवं असेल आणि त्रास फार नसेल तर बाळंतपणानंतर करू, कारण पुन्हा पोट वाढलं की परत यायचा धोका वाढतो. तिची सासू बाहेर येऊन कुरकुरत होती, "पैसे घ्यायचे सोडून सल्ले देतात." मला तेव्हा ती सासू बरोबर वाटली होती.

आठ आठवडे कसे गेले ते थोडक्यात. भात एकवेळ, पोळ्या मोजून दोन, चारशे पोळ्या लाटणाऱ्या बाईला दोन. संध्याकाळी प्रीतिसंगमापर्यंत चालत जाणं-येणं. शुगरच्या गोळ्या. रात्री इसबगोल. कांडप गिरणीवर दिलं, कट्ट्यावर धूर ओढणारा पंखा बसवला. साडेपाच किलो उतरले, साखर ७.१ वर आली. मिश्री मात्र आठवडाभर डोकं खात होती. हात आपोआप डबीकडे जायचा. शेवटी डबी सासूबाईंना दिली, त्या अजून लावतात, त्यांना कोण सांगणार.

दुसरं ऑपरेशन पूर्ण भूल देऊन झालं. भोक एव्हाना साडेतीन सेंटिमीटरचं होतं. जाळी स्नायूंच्या मागं ठेवली आणि पुढून फाकलेले स्नायू जवळ आणून शिवले. जाळीचं प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, साखरेची पांढरी पोती ज्याची विणतात त्याच जातीचं. हे लेकीनं सांगितल्यावर मी दिवसभर हसत होते, आणि हसलं की दुखत होतं.

इथं पट्टा कामाला आला, त्याचं श्रेय द्यायला हवं. खोकताना, कुशीवर वळताना, संडासातून उठताना पट्ट्यानं जो आधार वाटतो तो खरा आहे. पहिले दोन आठवडे मी त्याच्याशिवाय शिंकलेसुद्धा नाही. रिक्षातून घरी येताना प्रत्येक खड्ड्याला मी त्याला मनातून नमस्कार केला. पण बाईंनी तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं: हा दुखणं सोसायला आहे, हर्निया अडवायला नाही. पट्टा घातल्यानं परत येणं कमी होतं असं कुठं सिद्ध झालेलं नाही. बरं वाटतंय तोवर घाला, सहा आठवड्यांनी सोडा, आणि पोटाला पोटाचं काम करू द्या.

तिसऱ्या आठवड्यात टाक्यांखाली पुन्हा फुगलं. मी तशीच रडत खाली बसले. पट्टा जेवायला बसताना सैल केला होता, म्हणजे पुन्हा माझंच चुकलं. लगेच गेलो. सोनोग्राफीत निघालं साठलेलं पाणी. जाळीच्या ऑपरेशननंतर असं पाणी साठू शकतं आणि बहुतेक वेळा शरीर ते आपणच शोषून घेतं. खोकल्यावर ते वाढत नाही, दाबलं तर आत जात नाही, हा त्याच्यातला नि हर्नियातला फरक त्यांनी माझाच हात धरून दाखवला. पाच आठवड्यांत उतरलं. पण हे आधी सांगितलेलं असेल तर माणूस रडत नाही, इतकंच. बाईंच्या सेवेला एवढी एकच खोट.

हा पट्टा घ्यावा का? ऑपरेशननंतरच्या महिना-दीड महिन्यासाठी, काड्यांचा, बेंबीवरून माप घेऊन, जरूर घ्या. ऑपरेशन टाळायला म्हणून घेत असाल तर पैसे वाचवा. आणि ऑपरेशन ठरलंच असेल तर पट्ट्याची कंपनी विचारण्याआधी डॉक्टरांना विचारा: भोक किती मोठं आहे, जाळी टाकणार का, ती कुठं ठेवणार, माझे स्नायू फाकलेत का, माझी तीन महिन्यांची साखर बघितली का. वाईट वाटून घेणारा डॉक्टर असेल तर तेही वेळेत कळलेलं बरं. डिस्चार्ज कार्ड हातात आलं की त्यावरच्या शब्दांचा अर्थ तिथंच समजून घ्या, कपाटात टाकू नका.

दुकानदाराला मी त्या लाल ओळीबद्दल बोलले. तो म्हणाला, "ताई, ते छापूनच येतं, आम्ही कुठं छापतो." बरोबर आहे त्याचं. म्हणून दुकानाला शून्य देत नाही. दुकान चांगलं आहे, आत पडदा लावून घालून बघू देतात, माप बदलूनही देतात, आणि मापं घ्यायला एक मुलगी ठेवलीय.

आता चौदा महिने झाले. पहिल्या वेळी बरोबर याच सुमाराला परत आला होता, त्यामुळे या महिन्यात परकराची नाडी बांधताना बोट रोज बेंबीवर जातं. अजून तरी सपाट आहे. बेंबी दिसायला काही पहिल्यासारखी राहिली नाही, तिरकी झालीय, पण ती बघतंय कोण. पिठाचा डबा आता पाच-पाच किलोचे तीन केलेत. पट्टा सोडायला सांगून वर्ष उलटलं, तरी लग्नाची मोठी ऑर्डर असली की पहाटे तो बंडीवर बांधूनच कट्ट्यावर जाते. डॉक्टरबाईंना सांगितलेलं नाही.